घोडा आपला, कौतुक दुसऱ्याच्या तोंडी

वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या राणीच्या अश्वपरीक्षेची एक हकिकत सांगितली आहे. एक सौदागर दोन घोडे घेऊन झाशीत आला. दोन्ही जनावरे देखणी, चपळ; बघणाऱ्याला डावे-उजवे करता येऊ नये अशी. राणी आळीपाळीने दोन्ही घोड्यांवर बसली, मंडळ धरले आणि खाली उतरून किंमत सांगितली. एकाचे हजार रुपये, दुसऱ्याचे पन्नास. दुसऱ्याची छाती दुखावलेली होती. वरून काही दिसत नव्हते, पण मांडीखाली घेताच तिला ते कळले. सौदागरालाही मग कबूल करावे लागले.

सौदागराने आपल्या घोड्यांचे काय गोडवे गायले, हे भटजींनी लिहिलेले नाही. त्याने गायले नसतील असे मात्र समजू नये. घोडा विकायला निघालेला माणूस गप्प बसल्याचे उदाहरण जगाच्या इतिहासात सापडणे कठीण. पण सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या लेखी त्या बोलण्याला मोल नव्हते. मोल होते ते पारख असलेल्या तिसऱ्या माणसाच्या दोन आकड्यांना.

घोड्यांविषयीचे जुने लेख, बखरी, प्रवासवर्णने आणि दंतकथा वाचत गेले की ही एक रीत पुन्हा पुन्हा समोर येते. घोड्याची बढाई मारायला कोणाचीच ना नव्हती. उलट घोडा असणे म्हणजे ती मारायचा परवानाच होता. फक्त मालकाने ती स्वतःच्या तोंडाने मारायची नाही. ती परीक्षकाने करावी, भाटाने करावी, शत्रूने केली तर उत्तमच. मालकाने मिशीवर हात फिरवत ऐकावे.

या रीतीचा सर्वात भव्य नमुना यज्ञाच्या रूपाने आपल्याकडे फार पूर्वीपासून होता. अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा सोडायचा, त्याच्यामागे फौज चालायची आणि जो त्याला अडवेल त्याने लढायचे. राजा स्वतः घरी. बढाई घोड्याच्या चार पायांवर मुलूखभर हिंडायची. कथा-कीर्तनांतून मराठी माणसाला हे दृश्य लव-कुशांमुळे तोंडपाठ आहे. पण त्याचा दगडावर कोरलेला पुरावाही महाराष्ट्रात आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा जो लेख आहे, त्यात केलेल्या यज्ञांची यादी दिली आहे. त्यात अश्वमेध दोन आहेत आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापणांचे आकडेही आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याहून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्याला पहिला विसावा मिळे तो या लेण्यात, आणि तिथेच राजघराण्याची ही फुशारकी त्याच्या नजरेला पडे. जागा निवडणाऱ्याला जाहिरातीचे अंग होते यात शंका नाही. आणि बोलते आहे ती राणी, राजा नव्हे.

अर्थात प्रत्येकाला अश्वमेध परवडत नाही. सर्वसामान्य घोडेवाल्यासाठी बढाईची वेगळी भाषा तयार झाली, ती घोड्याच्या अंगावर वाचायची. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले अश्वशास्त्र हा तिचा मूळ आधार. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा जो प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला, त्यात राजाने घोडे कसे निवडावेत, कसे शिकवावेत, घोड्यावरचा चेंडूचा खेळ कसा खेळावा, इथपर्यंत सगळे आले आहे. पुढे हे ज्ञान संस्कृत पोथ्यांतून उतरून सालोत्री, चाबुकस्वार, मोतद्दार आणि नालबंद यांच्या तोंडी आले. फारसी शब्द त्यात मिसळले आणि दख्खनेत एक खास बोली तयार झाली.

या बोलीत रंग म्हणजे निव्वळ रंग नव्हे. कुमाईत, सुरंग, अबलख, सबजा, मुश्की असे नुसते उच्चारले तरी ऐकणाऱ्याच्या मनात किंमत ठरायला सुरुवात व्हायची. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, तो पंचकल्याणी. त्यात छाती, आयाळ आणि शेपटीची भर पडली की अष्टमंगल. असा घोडा राजाच्याच दारात शोभावा. त्याहून बारीक विद्या भोवऱ्यांची. केस कुठे वळले आहेत, वर तोंड करून की खाली, यावर मालकाचे दैव अवलंबून. देवमण असलेला घोडा शुभ, गोम असलेला अशुभ. एक भोवरा खुंटा घट्ट रोवणारा, म्हणजे घर स्थिर करणारा. दुसरा खुंटा उपटणारा. चांगला धावणारा, निरोगी, कामाचा घोडा केवळ एका चुकीच्या भोवऱ्यापायी निम्म्या किमतीला जाई. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दहा वर्षे शिकवलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ साली हिंदुस्थानातील माणसे आणि जनावरे यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यातल्या घोड्यांच्या प्रकरणात या भोवऱ्यांच्या समजुती आणि धष्टपुष्ट, गुबगुबीत घोड्याची देशी आवड यांची दखल घेतलेली आहे. साहेबाला हे सगळे गमतीचे वाटले, पण त्या बोलीचा व्यवहारी उपयोग होता. ‘माझा घोडा फार चांगला’ असे म्हणायची गरजच उरत नसे. ‘पंचकल्याणी आहे, देवमण आहे’ एवढे म्हटले की शास्त्र बोलते, मालक नाही, असा भास व्हायचा.

मालकाच्या या संकोचामागे विनयापेक्षा भीती जास्त होती. दृष्ट लागण्याची. गोंडस मूल आणि देखणा घोडा यांना नजर सगळ्यात आधी लागते, ही समजूत दख्खनपासून अरबस्तानापर्यंत एकसारखी. म्हणून घोड्याच्या गळ्यात निळे मणी, पायात काळा दोरा, पागेच्या दारावर लिंबू-मिरची. अरबांमध्ये तर दुसऱ्याच्या घोडीकडे पाहून ‘माशाअल्लाह’ न म्हणता तोंडभर स्तुती करणे हा सरळ उर्मटपणा मानला जाई. आपल्याकडेही परक्याने फार कौतुक केले की मालक घाईघाईने काहीतरी खोड सांगून मोकळा होई : खाण्यात नखरे करतो, डावा कान जरा हलका आहे, वगैरे. खोड सांगण्याची ही पद्धत पाहुण्याला जेवायला वाढताना ‘आज भाजी जरा बिघडलीच’ म्हणणाऱ्या गृहिणीच्या जातीची. ऐकणाऱ्याने ती खरी धरायची नसते.

मराठी फौजेत मात्र घोड्याविषयी बोलण्याला पोटाचा संदर्भ आला. बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोड्याची बढाई मारण्याचे कारण नव्हते. घोडा त्याचा नव्हताच. शिवाजी महाराजांचा कल पागेकडे होता, आणि पागेचे घोडे म्हणजे राज्याची मालमत्ता, ही दृष्टी त्यांच्या १६७३च्या मे महिन्यातल्या प्रसिद्ध पत्रात स्पष्ट दिसते. चिपळूणच्या बाजूला छावणीला असलेल्या लष्कराला लिहिलेल्या त्या पत्रात दाणा-वैरण जपून वापरा, आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा दम आहे. रात्री दिव्याची पेटती वात उंदराने नेऊन गवताला आग लागेल, इथपर्यंत काळजी आहे. घोड्याच्या रूपाबद्दल, चालीबद्दल एक अवाक्षर नाही. घोड्यांवर राज्य उभे करणाऱ्या माणसाचे घोड्यांविषयीचे हे सर्वात गाजलेले लेखन, आणि ते गवताबद्दल आहे.

शिलेदाराची गोष्ट वेगळी. त्याचा घोडा हेच त्याचे भांडवल. घोड्याच्या किमतीवर आणि दर्जावर त्याची नेमणूक ठरे. घोडा मेला तर रोजी बुडे. म्हणून लढाईत शिलेदार जनावर जपून पुढे घालतात, अशी तक्रार त्या काळी वारंवार होई. गणतीच्या दिवशी मात्र हाच शिलेदार आपल्या तट्टाला अरबी घोड्याच्या पंक्तीला बसवायला बघे. एकाच घोड्याला दोन वेगवेगळ्या गणत्यांत उभे करणे, शेजाऱ्याचा चांगला घोडा तासाभरासाठी उसना आणणे, असले प्रकार सर्व फौजांमध्ये चालत. त्यावर मोगलांनी काढलेला उपाय म्हणजे डाग. अकबराने १५७०च्या दशकात घोड्यांना डाग देण्याची आणि त्यांचे चेहरे लिहून ठेवण्याची पद्धत नव्याने कडक केली. ‘ऐन-ए-अकबरी’त घोड्यांचे अरबी, इराकी, तुर्की, याबू, ताजी असे सात दर्जे पाडलेले आहेत. पेशवेकाळातही गणतीत घोड्याचा रंग, खुणा आणि किंमत लिहून घेत. म्हणजे बढाईची तपासणी करणारा कारकून सरकारनेच नेमला. कागदी घोडे नाचवण्याला आळा बसावा म्हणून कागदच वाढवले गेले, आणि ते फार यशस्वी झाले असे काही म्हणवत नाही.

खरी मराठी बढाई वेगळ्याच वाटेने गेली. आपले घोडे दिसायला देखणे नाहीत, हे मराठ्यांना ठाऊक होते. भीमा आणि नीरेच्या काठचे भीमथडी तट्टू मध्यम चणीचे, काटक, थोडक्या दाण्यावर दौड मारणारे. १८व्या शतकाच्या अखेरीस मराठी मुलखात वावरलेल्या युरोपियनांनी या जातीचे वर्णन करताना बांधा मजबूत, रंग बहुधा गडद तांबूस आणि पाय काळे, अशी नोंद केली आहे. डौलात ते अरबी घोड्यापुढे फिके पडत. मग त्यांची थोरवी सांगायची कशी? तर शत्रूच्या तोंडून. मोगलांचे घोडे पाणी प्यायला तयार नसले की स्वार त्यांना विचारायचे, तुला पाण्यात धनाजी दिसतो का? ही कथा शाळेतल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. तिच्यातली कारागिरी क्वचितच लक्षात येते. इथे मराठ्यांचा एकही घोडा दिसत नाही, मराठा बोलत नाही. घाबरलेला घोडा मोगलांचा आणि कबुलीही मोगलांचीच.

थोरल्या बाजीरावाची गोष्ट याच घराण्यातली. निजामाने बाजीरावाचे चित्र काढायला चितारी धाडला. जसा दिसेल तसा काढून आण, अशी आज्ञा. चित्र आले ते असे : साध्या स्वारासारखा पेशवा घोड्यावर बसला आहे, भाला खांद्याला टेकवला आहे, आणि दोन्ही हातांनी जोंधळ्याची कणसे चोळून दाणे तोंडात टाकतो आहे. लगाम सैल सुटलेला. इंग्रज इतिहासकारांनीही ही आख्यायिका आवर्जून नोंदवली. खरी-खोटी कशीही असो, तिची मांडणी नेमकी आहे. ज्याला लगाम धरायची गरज नाही, त्याच्या घोड्याबद्दल आणखी काय सांगायचे? आणि पुन्हा चित्र काढवून घेतले ते शत्रूने, स्वतःच्या खर्चाने.

दख्खनेत उमदे घोडे पैदा होत नाहीत म्हणून ते समुद्रापलीकडून आणावे लागत, आणि या व्यापाराने बढाईला दाखल्याची जोड दिली. १३व्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहिले आहे की त्याचा चाच्यांशी करार होता : लुटीतला बाकी माल त्यांचा, घोडे तेवढे राजाचे. पुढे गोवा या व्यापाराचे मुख्य बंदर झाले. १५१०मध्ये आल्फोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा होर्मुझहून येणारे घोडे कोणाला विकायचे, विजयनगरला की आदिलशहाला, हा निर्णयही पोर्तुगीजांच्या हातात गेला. फेर्नाव नुनिझ या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने १५३०च्या दशकात विजयनगरविषयी जे लिहून ठेवले, त्यात एक मासला आहे. तिथला एक राजा होर्मुझचे घोडे हजार पडदावांना तीन या भावाने मेलेले-जिवंत सगळेच विकत घेई. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पैसे मिळत. ती शेपटी अरबी घोड्याचीच होती की वाटेतल्या कुठल्या तट्टाची, हे दरबारात कोण पडताळून पाहत असेल, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच.

अरबांकडे मात्र वंशाचा दाखला हा चेष्टेचा विषय नव्हता. घोड्याचे घराणे आईकडून चालते. कुहैलान, सकलावी, उबैयान, हमदानी, हदबान ही त्यातली गाजलेली घराणी. इजिप्तचा अधिपती अब्बास पाशा पहिला याने १९व्या शतकाच्या मध्याला आपली माणसे वाळवंटात पाठवून बदाऊनी टोळ्यांकडून त्यांच्या घोड्यांच्या वंशांच्या साक्षी लिहवून घेतल्या. साक्ष देणारा आधी अल्लाची शपथ घेतो, मग घोडी कोणाकडून कोणाकडे गेली ते सांगतो आणि ठाऊक नसेल तिथे ठाऊक नाही म्हणतो. मोजक्या शब्दांत, शपथेवर दिलेली ही बढाई आहे. आईकडून घराणे मोजण्याची ही पद्धत आपल्या शेजारच्या काठेवाडातही आढळते. तिथल्या घोड्यांची ताजण, केसर, माणकी, बोदली ही कुळे घोड्यांच्या आज्या-पणज्यांच्या नावाने ओळखली जातात, आणि त्यांची कवने रचायला चारण होतेच. मालकाचे काम फक्त चारणाला पोसण्याचे.

१९व्या शतकात हे अरबी घोडे बसरा-कुवेतहून मुंबईच्या धक्क्यावर हजारोंनी उतरू लागले. लष्कर, पोलो, शर्यती, गाड्या, सगळ्यांना घोडा हवा होता. भायखळा आणि भेंडीबाजाराच्या बाजूला अरब सौदागरांचे तबेले उभे राहिले. लेडी अ‍ॅन ब्लंट १८७९मध्ये नज्दमधल्या हाइलला गेली तेव्हा तिथला अमीर इब्न रशीद आपली शिंगरे कुवेतमार्गे मुंबईच्या बाजाराला पाठवत असल्याचे तिने पाहिले. पण टोळ्या आपल्या घोड्या सहसा विकत नसत. येत ते बहुतेक नर. वंशाची खात्री देणारी शपथ वाळवंटातच राहून जाई आणि मुंबईत पोचे तो फक्त घोडा आणि सौदागराची जीभ. त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकाने वंशावळीवर विसंबणे सोडून दिले. घोडामैदान जवळच होते. आधी भायखळ्याला आणि १८८३पासून महालक्ष्मीला घोडा पळवून बघा, मग बोला.

या तबेलेवाल्यांत अब्दुल रहमान हे सगळ्यात मोठे नाव. १८७७मध्ये त्याच्याकडून फ्रेडरिक रॉबर्ट्‌स या इंग्रज सेनाधिकाऱ्याने एक लहान चणीचा करडा अरबी घोडा घेतला आणि एका लुशाई सरदाराच्या नावावरून त्याचे नाव ठेवले व्होनोलेल. १८८०च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट्‌सने दहा हजार फौज काबूलहून कंदाहारला नेली तेव्हा तो याच घोड्यावर होता. पुढे राणी व्हिक्टोरियाने खास परवानगी देऊन व्होनोलेलला अफगाण युद्धाचे पदक आणि काबूल-कंदाहार तारा बहाल केला. १८९७च्या राणीच्या हीरकमहोत्सवी मिरवणुकीत रॉबर्ट्‌स त्याच्यावरून गेला, तेव्हा ती पदके घोड्याच्या छातीवर होती. १८९९मध्ये तो वारला आणि डब्लिनच्या किल्मेनहॅम रुग्णालयाच्या आवारात त्याला पुरले. रॉबर्ट्‌सला स्वतः घोड्याबद्दल काही बोलायची गरज उरली नाही. भेंडीबाजाराच्या आसमंतातून निघालेल्या घोड्याची शिफारस खुद्द सम्राज्ञीने केली होती.

शर्यतीच्या मैदानाने या जुन्या रिवाजाला नवे कायदे दिले. इंग्लंडमध्ये १७९१पासून जातिवंत घोड्यांची वंशावळ छापील ग्रंथात नोंदली जाऊ लागली. आज जगभर धावणारे सगळे थरोब्रेड बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन नरांपर्यंत मागे नेता येतात. हिंदुस्थानातल्या थरोब्रेडांची नोंद ठेवणारी संस्था पुण्यात आहे. म्हणजे कोणी टर्फवर उभा राहून आपल्या घोड्याच्या आज्याविषयी काही सांगू लागला तर ते पुस्तक उघडून तपासता येते. मैदानावरचा शिष्टाचारही जुन्याच साच्याचा. शर्यतीआधी मालकाने फार बोलू नये. जिंकल्यावर श्रेय ट्रेनरला आणि जॉकीला द्यावे. मालकाला मोकळीक एकच : जिंकलेल्या घोड्याचा लगाम हातात धरून त्याला लोकांसमोरून चालवत नेण्याची. टाळ्या इतरांनी वाजवायच्या.

या रिवाजाचा बांध फोडला तो एका मराठी संस्थानिकाने. बडोद्याचे प्रतापसिंह गायकवाड घोड्यांचे वेडे. १९४३मध्ये महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली, ती त्यांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. दोन वर्षांनी त्यांनी इंग्लंडमध्ये न्यूमार्केटच्या लिलावात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना घेतले. एवढ्या वयाच्या घोड्याला तिथे तोवर इतकी किंमत कधीच आली नव्हती. शिंगराचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी जिंकलेला. आणि या शिंगराला महाराजांनी नाव दिले सयाजीराव. आपल्या आजोबांचे! ज्या आजोबांनी बडोद्यात सक्तीचे मोफत शिक्षण आणले, ग्रंथालये उभारली, त्यांचे नाव आता रेसबुकात छापले जाऊ लागले. बडोद्यातल्या जुन्या मंडळींना हे कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

घोड्याने मात्र नाव राखले. १९४७मध्ये सयाजीराव एप्सम डर्बीत तिसरा आला, आयरिश डर्बी जिंकला आणि सप्टेंबरमध्ये सेंट लेजरही. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन महिनाही झाला नव्हता आणि इंग्लंडच्या सर्वात जुन्या क्लासिक शर्यतीच्या फलकावर एका मराठी राजाचे नाव लागले होते. पुढच्या वर्षी त्यांच्याच ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली. या घोड्याचे आधीचे नाव लेराँ. महाराजांनी बदलून ‘माय बाबू’ केले. बढाईच्या दृष्टीने हे सगळे अव्वल. अडचण एवढीच की पैसा कोणाचा, हा प्रश्न विचारायला आता लोक मोकळे झाले होते. संस्थानच्या तिजोरीतून उचललेल्या रकमांवरून गदारोळ उठला, १९४९मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहांची गादी काढून घेतली. घोडे हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण डोळ्यांत सगळ्यात आधी भरणारे कारण घोडेच होते.

आणि याच मुलखात असाही एक घोडा आहे ज्याची बढाई मारणे कोणाच्या मनातही येत नाही. आळंदीच्या पालखी सोहळ्यातला माउलींचा अश्व. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून तो येतो. त्याच्यावर स्वार नसतो, कारण स्वार माउली आहेत. पुढे पताका घेतलेला दुसरा घोडेस्वार धावतो आणि मोकळा घोडा रिंगणात त्याला गाठतो. मग त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला वारकऱ्यांची झुंबड उडते. मालकी शितोळ्यांची, मान माउलींचा, आणि घोड्याचा रंग-वंश-किंमत कोणी विचारत नाही.

विचारतात ते सारंगखेड्याला. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या या गावी एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे; बाजेवर चढून नाचणारे, ढोलावर पाय टाकणारे. पंचकल्याणी, देवमण, रवाल चाल हे शब्द अजून तिथे जिवंत आहेत, आणि सालोत्र्याचा शब्द अजून मानतात. बदल झाला आहे तो एका गोष्टीत. दरवर्षी कुठल्यातरी घोड्याच्या बातमीत लाखांचा, कधी कोटीचा आकडा येतो आणि पुढे ठरलेले वाक्य येते : एवढी मागणी आली, पण मालकाने विकला नाही. जुन्या रीतीत परीक्षक किंमत सांगे. आता मालक सांगतो, आणि ती किंमत कोणी दिलेली नसते, म्हणून ती कधी खोटीही ठरत नाही. घोड्याच्या बढाईच्या इतक्या जुन्या परंपरेतला हा सगळ्यात आळशी प्रकार आहे.

दरम्यान ज्या भीमथडी तट्टाला महाराष्ट्राच्या राज्यगीतात जागा आहे, त्याची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद अगदी अलीकडे झाली. ही घोडी आज मुख्यतः पुणे-नगर-सोलापूरच्या बाजूला मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांकडे आहेत. त्यांच्या पाठीवर बिऱ्हाड असते, कोंबड्या असतात, कोकरे असतात. मार्गशीर्षात सारंगखेड्याला जाणाऱ्याने जरूर जावे. किंमत मालकाला न विचारता मोतद्दाराला विचारावी, आणि परतताना वाटेत एखादा धनगरवाडा लागला तर थांबून त्या काळ्या पायांच्या तट्टाकडेही नीट पाहावे.